धाकटा दोरवाला

टक. टक-टक. टक.

मी ऐकलेला हा पहिला आवाज. कुणीतरी नखाने टेबलावर वाजवत होतं. समोरच्या काचेवर एक चिमुकला माणूस उडी मारायचा. उडी सुरू झाली की नख वाजायचं, पाय जमिनीला टेकले की पुन्हा वाजायचं. वाजवणारा मान हलवायचा, काहीतरी बदलायचा, आणि परत टक, टक-टक. हे किती दिवस चाललं ते मला सांगता येणार नाही. माझा जन्म त्या आवाजातच झाला.

मी एक खेळ बोलतोय. टीव्हीला डबा जोडायचा, डब्यात पिवळी कॅसेट खोचायची आणि रिमोट हातात घेऊन बसायचं, तसला व्हिडिओ गेम. माझं खरं नाव इंग्रजीत होतं, पण भिवंडीत ते वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. माझ्यातला माणूस खांद्यावर दोर टाकून गड चढतो, म्हणून सगळे मला दोरवाला म्हणायचे. मी फार शिकलेला नाही. माझ्या पोटात जागा थोडी, ती गडाला, पुलाला आणि उडीला लागली. अक्षरांना उरलीच नाही. म्हणून मी सावकाश बोलतो. सांभाळून घ्या.

माझ्या आधी माझा थोरला होता.

त्यालाही दोरवालाच म्हणायचे. तो पुरुषभर उंचीच्या पेटीत राहायचा, दुकानात उभा असायचा. रुपयाचं नाणं टाकलं की जागा व्हायचा. काय त्याचा थाट! आभाळात ढग पळायचे, पाखरांचे थवे उडायचे, गडावर झेंडे फडफडायचे. लोकांना तो इतका आवडला की कुणीतरी म्हणालं, याला घरातल्या छोट्या डब्यात बसवा. आणि ते काम त्या नख वाजवणाऱ्या माणसाकडे आलं.

छोट्या डब्याची ताकद ती केवढी! थोरला त्यात मावणारच नव्हता. मग त्या माणसाने एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. आधी ढग गेले. मग पाखरं गेली. झेंडे गेले. आभाळ नुसतं काळं राहिलं. शेवटी हातात एक माणूस, एक दोर आणि एक गड एवढंच उरलं. तेव्हा त्याचं लक्ष उडीकडे गेलं.

थोरल्याचं एक दुखणं होतं. एवढा सगळा थाट अंगावर वागवताना त्याची दमछाक व्हायची. बटण दाबलं की त्याचा माणूस जरा थांबून उडायचा. शिवाय त्याला नाणी हवी असायची. मग तो पाठीमागून अचानक पहारेकरी सोडायचा, घड्याळ लावून माणसाला पळवायचा. खेळणारा पडायचा आणि पुन्हा खिशात हात घालायचा. माझ्यात नाणं टाकायला भोकच नव्हतं. मला कुणाला फसवायची गरज नव्हती. मी बटण दाबताक्षणी उडायचो. घड्याळ तर त्या माणसाने काढूनच टाकलं. आणि झाडझूड केल्यावर जी थोडी जागा रिकामी झाली, तिथे त्याने दुसरा माणूस आणून उभा केला. माझ्यात दोघांना मिळून गड चढता येतो.

हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. थोरला नसता तर मी नसतोच. पण माझ्यात आलेली गंमत त्याच्यात नव्हती, आणि पुढे सगळं बिघडलं ते ह्या गोष्टीवरूनच.

माझी ही कॅसेट कुठे भरली, अस्सल की नक्कल, ते मला विचारू नका. मुंबईच्या बाजारातल्या एका टोपलीत मी पडून होतो. तिथून मला यादवने उचललं आणि भिवंडीला, टेमघरला आणलं. सन दोन हजार चालू होऊन तीन-चार वर्षं झाली असतील.

यादव तेव्हा विशीतला. त्याचा मोठा भाऊ पंढरी. आईबाप गेल्यावर दोघांना त्यांच्या मोठ्या बहिणीने, आक्काने वाढवलं होतं. जवळच्या वडपे गावातली त्यांची जमीन गोदामवाल्यांना गेली, तेव्हा रस्त्याला लागून त्यांनी हे घर बांधलं. मागे तिघांचं राहणं, पुढे गाळा. गाळ्यात पंढरीने पहिली वस्तू आणली ती माझ्या थोरल्याची पेटी. दाराच्या अगदी समोर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. यादवने नंतर कोपऱ्यात चटई टाकून दोन जुने टीव्ही मांडले. एकावर मी.

पहिल्या दिवशी मी डोळे उघडले तर समोर थोरला. मला केवढा आनंद झाला. पण तो आपल्या पेटीत, मी माझ्या डब्यात. आम्हाला एकमेकांशी बोलता येत नाही.

गाळ्याच्या आजूबाजूला सगळे कापड विणायच्या लूमचे कारखाने. हवेत कायम रुईचा तूस. तो केसांत बसायचा, चहात पडायचा, माझ्याही फटीत शिरायचा. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी कामगार आंघोळ करून, केस विंचरून गाळ्यात यायचे. आधी सगळे थोरल्यापुढे गर्दी करायचे. पंढरी स्वतः त्याच्यावर असा खेळायचा की लोक श्वास रोखून बघायचे. पेटीचा दांडा त्याच्या मुठीत गेला की थोरला दुसऱ्या कुणाचा राहायचाच नाही.

मग एका शुक्रवारी चंद्रा माझ्यापुढे बसला. खरं नाव चंद्रय्या, तेलुगू माणूस, लूम चालवायचा. जाडजूड, हसरा. चटईवर मांडी घालून त्याने लांब श्वास सोडला.

"हफ्ताभर खड़े रहके ड्युटी करने का, और इधर आके भी खड़ा रहने का? ये अच्छा है. बैठके खेलो."

त्याने शेजारच्याला हाताला धरून बसवलं आणि दुसरा रिमोट त्याच्या हातात कोंबला. दोघं मिळून खेळायला लागले. शिव्या काय, हसणं काय! एक पडला की दुसरा त्याच्या डोक्यात टपली मारायचा. पुढच्या शुक्रवारी माझ्यापुढे रांग लागली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी थोरल्यापुढे कुणीच नव्हतं. पंढरी एकटाच पेटीला टेकून उभा होता आणि फडक्याने तिची काच पुसत होता. ती आधीच स्वच्छ होती.

"पोरांची खेलनी हायत ही," तो म्हणाला. "खरा दोरवाला यो हाय."

"दादूस, एकदा बसून बग तरी," यादव म्हणाला.

"मना कनाला बसायला पायजे? मना खरा येतो."

यादवला दादूस देवासारखा होता. लहान असताना बाजारातल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये पंढरी खेळायचा आणि यादव बाजूला त्याची नाणी मुठीत धरून उभा राहायचा. खेळायची पाळी त्याची कधी आलीच नाही. शाळा सुटली. गोदामात महिनाभर खोकी मोजून बघितली, तिथे जीव रमेना, परत आला. घरात त्याचं कुणी ऐकायचं नाही असं नाही, पण विचारायचंही नाही कुणी. ह्या दोन टीव्हींपुढे मात्र लोक त्याला विचारायचे. "यादव, ये गुफा में कैसे जाने का?" "यादव, दुसरी कॅसेट लाव ना." तो कॅसेट बदलायचा, चहा सांगायचा, गुडघ्यावर बसून कुणाला वाट दाखवायचा. त्याचं म्हणावं असं जगात तेवढंच होतं. चटई घालण्यापुरता कोपरा.

एका गुरुवारी संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर पाच-सहा जण आले होते. पंढरी आपला थोरल्यावर खेळत होता. पुलाच्या अलीकडे त्याचा माणूस पडला. त्याने दांड्यावर हात आपटला.

यादव सहज बोलून गेला, "तुझा दोरवाला उशिरा उडतो, दादूस. आमचा बग, दाबला की उडाला."

लोक हसले. चंद्रा सगळ्यात मोठ्याने हसला.

पंढरी वळला. चेहरा असा झाला होता की हसणं आपोआप थांबलं.

"उद्या शुक्रवार हाय," तो म्हणाला. "सगले येतीन. सगल्यांसमोर मी तुझा खेल संपवतो. एका बैठकीत, तीन जिवात. संपवला तर तुझे टीव्ही हितून उचलायचे, आनि तू वडप्याला गोदामात जायचा. परत यायचा न्हाय."

"आनि न्हाय संपला तर?"

"तर माझी पेटी बंद. तारच कापतो."

यादवने माझ्याकडे बघितलं. मग भावाकडे. "चालंल," तो म्हणाला.

मागच्या दारात आक्का येऊन उभी होती. तिच्या हाताला पीठ होतं. "अरे, असं तोंडातनं काढू नका रं," ती म्हणाली. "खेलाचा वाद चुलीपर्यंत आनू नका. ह्या घरात बोललेलं कुनी मागं घेत न्हाय. बापाचं ठाव हाय ना? मामाच्या दारात पाऊल ठेवनार न्हाय बोलला, तो मामाच्या मयताला पन रस्त्यावर उभा राहिला."

दोघंही त्या बापाचेच.

शुक्रवारी गाळा भरला. आत मावेनात म्हणून लोक रस्त्यावरून माना लांब करून बघत होते. पंढरीने नवा शर्ट घातला होता. तो चटईवर बसला. त्याला मांडी घालून बसायची सवय राहिली नव्हती. गुडघे वर येत होते.

यादवने मला डब्यात खोचलं आणि बटण दाबलं. काचेवर नुसत्या आडव्या रेघा.

"बघा," पंढरी म्हणाला. "लागत पन न्हाय. मी काय रेघा संपवू?"

हशा झाला. यादवने मला बाहेर काढलं, फटीत फुंकर मारली, परत खोचलं. रेघा. परत फुंकर. माझ्या घशात रुईचा तूस दाटला होता आणि तो फुंकर मारायचा तसा तूस आणखी आत जायचा. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

"अरे फूंक मत, फूंक मत!" चंद्रा गर्दीतून पुढे आला. "अंदर जाता वो. इधर दे."

त्याने मला हातात घेतलं, ओठांना लावलं आणि आत श्वास ओढला. लूमवर आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत बाहेर काढायचं असलं की कामगार धोटा तोंडाला लावून असाच ओढतात. दिवसातून कितीदा तरी. त्याच्या ओठांना ती सवयच होती. सुर्रकन आवाज झाला आणि माझा घसा मोकळा झाला. चंद्राने बाजूला थुंकून रुईची गोळी टाकली.

"चंद्रा, अब पेट में लुंगी बुन ले!" कुणीतरी ओरडलं.

"तेरे लिए ही बुनता, रुक," चंद्रा म्हणाला.

त्या हशात माझं काळं आभाळ उजळलं. गडाचा पायथा दिसला. पंढरीने रिमोट उचलला.

पहिला जीव त्याने पायथ्याच्या खंदकातच घालवला. काय झालं ते मला लगेच समजलं. थोरला उशिरा उडतो म्हणून पंढरी बटण आधीच दाबायचा. वर्षानुवर्षं त्याने ती उशीर झाकायची कला कमावली होती. इथे उशीर नव्हताच. त्याने आधी दाबलं, मी लगेच उडालो, आणि खंदकाच्या मधोमध पडलो.

लोक हसले. पंढरीच्या कानशिलाची शीर फुगली. "बटनं खराब हायत ही."

"बटन बरोबर हाय," यादव हळू आवाजात म्हणाला. "तू लवकर दाबतंस."

आता बघा, त्याने हे सांगायची काही गरज होती का? भाऊ हरला तर त्याचा कोपरा राहणार होता. पण कुणी माझ्यापुढे अडलं की यादवच्या तोंडून वाट निघूनच जायची.

दुसऱ्या जिवाला पंढरीचा अंगठा बदलला. आधी तो चिडून दाबत होता. मग बिचकत दाबायला लागला. मग खंदक ओलांडला, आणि त्याला कळलं की हा खेळ ऐकतो. जेव्हा दाबलं तेव्हा उडाला. जिथे बघितलं तिथे उतरला. मी माणसांना अंगठ्यावरून ओळखतो. त्या अंगठ्यातला राग हळूहळू उतरत गेला. काटेरी पायऱ्या गेल्या. पाणचक्की गेली. पहारेकऱ्यांच्या डोक्यावरून त्याने अशी एक उडी मारली की चंद्राने शिट्टी वाजवली, आणि पंढरी हसला. मोठा माणूस एकटा असताना हसतो तसं, आपल्याशीच. तेवढ्यापुरता तो पैज विसरला असावा.

मग पूल आला.

पूल मोडलेला आहे. एकटा माणूस असेल तर त्याने खाली विहिरीत उतरून अंधारातून पलीकडे जायचं. विहीर फार अवघड आहे. ती पार करून गेलेले मी फारसे पाहिले नाहीत. पंढरी विहिरीत उतरला आणि तिथेच संपला. दुसरा जीव गेला.

तिसरा जीव घेऊन तो पुन्हा पुलाच्या काठापर्यंत आला. कपाळावरून घाम गळत होता. त्याने आपल्या माणसाला काठावर उभं केलं आणि थांबला. माझ्यात घड्याळ नाही. कितीही वेळ उभं राहता येतं. तो राहिला उभा. खाली विहिरीकडे बघत, समोर तुटलेल्या पुलाकडे बघत.

मग काचेवरची नजर न काढता त्याने विचारलं, "दुसरा रिमोट चालतो काय?"

यादव त्याच्या शेजारीच बसला होता. "चालतो," तो म्हणाला.

"दोघं असलं की पूल जमतो, असं बोलतान ना हे."

"जमतो."

"मग?"

पंढरी एवढंच म्हणाला. ये, घे, मदत कर, यातलं काही नाही. त्या घरात मागायची पद्धत नव्हती. "मग" म्हणाला, तेच खूप झालं.

"यादव, पागल मत बन," चंद्रा त्याच्या कानाशी कुजबुजला. "गिरने दे. तेरा दुकान बच जाएगा."

आक्का चहाची किटली घेऊन दारात थांबली होती. यादवने तिच्याकडे पाहिलं नाही. कुणाकडेच पाहिलं नाही. त्याने दुसरा रिमोट उचलला आणि बटण दाबलं. पुलाच्या काठावर पंढरीच्या माणसाशेजारी दुसरा माणूस येऊन उभा राहिला.

पुलावर असं असतं. एकाने काठावर बसून दोर धरायचा, दुसऱ्याने त्याला लटकून झोके घेत पलीकडे जायचं. धरणाऱ्याने बटण दाबूनच ठेवायचं. अंगठा उचलला की दोर सुटला, आणि लटकलेला खाली गेला.

यादवने दोर धरला. पंढरी लटकला.

पहिला झोका कमी पडला. हात निसटता निसटता राहिला. गर्दीतून "अरे" असा आवाज आला. मला यादवचा अंगठा कळत होता. घामाने ओला झाला होता, नख पांढरं पडलं होतं. तो अंगठा एवढासा, तांदळाच्या दाण्याएवढा जरी वर आला असता तरी त्याचा कोपरा, त्याचे टीव्ही, त्याची चटई सगळं त्याचंच राहिलं असतं. घामाने निसटला म्हणाला असता. कुणी विचारलंही नसतं.

मला बाजू घेता येत नाही. नख वाजवणाऱ्याने मला तसं घडवलंच नाही. मी फक्त वाट बघत होतो.

अंगठा हलला नाही. दुसरा झोका लांब गेला आणि पंढरीचे पाय पलीकडच्या दगडाला टेकले.

इथे मला जरा थांबू द्या. शेवट सांगण्याआधी दोन शब्द बोलून घेतो. नंतर माझ्याने बोलवणार नाही.

आज मी आक्काच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे, जुन्या लुगड्यांच्या घडीत. त्या शुक्रवारनंतर मला कुणी डब्यात खोचलं नाही. थोरलाही गेला. लोक माझ्यासाठी येईनासे झाले म्हणून त्याच्याकडे वळले असं काही झालं नाही; त्याच्यापुढे कुणीच उभं राहिना, पंढरीसुद्धा. एक दिवस दोन माणसं आली आणि त्याला टेम्पोत आडवा घालून घेऊन गेली. मी ट्रंकेतून फक्त आवाज ऐकला. त्याच्याबद्दल माझ्या मनात कधी वाईट नव्हतं. तो आहे तसा त्याला घडवलं होतं, मी आहे तसा मला. गाळ्यात आता मोबाईलचं दुकान आहे. पोरं म्हणे आता मोबाईलवरच खेळतात, आणि एकटीच खेळतात. खेळू देत. माझी तक्रार नाही.

एक मागणं आहे फक्त. तुम्ही पुढे जात असाल आणि मागे कुणी तुमच्यासाठी दोर धरून बसलं असेल, तर एकदा मान वळवून बघा. माझ्यासारख्याला ओरडता येत नाही.

आता राहिलेलं सांगतो.

पलीकडे पोचल्यावर खालचं बटण दाबायचं असतं. मग पोचलेला माणूस दोर मागे सोडतो आणि मागचा त्या दोराने पलीकडे येतो. माझ्यापुढे बसणाऱ्या पोरासोरांना हे ठाऊक होतं. पंढरीला नव्हतं. थोरल्यात दुसरा माणूसच नाही, तर दोर सोडायचा कुणासाठी? थोरल्यात पूल ओलांडला की पळायचं, कारण मागून घड्याळ येतं. पंढरीचा अंगठा पळाला. वर्षानुवर्षांची सवय ती. त्याचा माणूस उजवीकडे धावत सुटला, त्याच्याबरोबर काच सरकली, आणि काठावर दोर धरून बसलेला यादवचा माणूस डाव्या कडेने हळूहळू दिसेनासा झाला.

यादवने बटण सोडलं नव्हतं. काचेवर त्याचा माणूस नव्हता तरी तो दाबून बसला होता.

"दादूस," तो म्हणाला.

पण लोक ओरडत होते. शेवटचा दरवाजा आला होता. दोन पहारेकरी, एक खंदक, एक उडी. पंढरीने बरोबर त्या वेळी दाबलं, लवकर नाही, उशिरा नाही. तशी उडी मी फार थोड्यांकडून मारून घेतली आहे. दरवाजा उघडला. गाळ्यात नुसता कल्लोळ. कुणी पंढरीच्या पाठीवर थापा मारल्या, कुणी त्याचे केस विस्कटले. तो घामाने निथळत हसत होता, लहान पोरासारखा.

मग काचेवर शेवटचं चित्र आलं. गडाचा माथा, काळं आभाळ, आणि तटावर पाय सोडून बसलेला माणूस. दोघं आले तर दोघं बसतात. त्या दिवशी एकच बसला होता. त्याच्या शेजारी जागा मोकळी होती.

पंढरीने तोंड पुसलं आणि बघितलं. "यो एकटाच का बसलाय?"

चंद्रा हसत नव्हता. "दूसरे को साथ लिया किधर? रस्सी पीछे छोड़ने का था ना. वो उधर ही रह गया, पुल पे."

पंढरीचं हसू विझलं. तो काचेकडे बघत राहिला. मग रिमोटकडे. "मना ठाव नव्हतं," तो म्हणाला, कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

मी साक्षीला होतो. त्याला खरंच ठाव नव्हतं. त्याच्या अंगठ्यात कपट नव्हतं, सवय होती. पण हे सांगायला माझ्याकडे तोंड कुठे होतं?

सगळ्यांना पैज आठवली होती. एक शब्द हवा होता. राहू दे. किंवा, बस. तेवढ्यावर भागलं असतं, आणि तो शब्द फक्त पंढरीच बोलू शकत होता.

"पंढरी," आक्का दारातून म्हणाली. किटली तिच्या हातात निवत होती. "अरे, बोल ना काहीतरी."

पंढरीने तोंड उघडलं. काल सगळ्यांसमोर बोललेलं आज सगळ्यांसमोर गिळायचं होतं. "ठरलं होतं ते..." एवढं तो बोलला आणि अडला. मान खाली गेली. यादवनेच आता पुढचं बोलावं, म्हणावं की जाऊ दे दादूस, असं त्याला वाटत असावं. तो चटईची काडी नखाने उपसत बसला.

यादवने अंगठा उचलला. बटणाचा गोल वळ त्यावर उठला होता. त्याने रिमोट चटईवर ठेवला, त्याची वायर नीट गुंडाळली, दुसऱ्या रिमोटशेजारी सरकवली. उठला. लोकांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. दारात त्याने पायात चपला घातल्या. आक्काने त्याच्या दंडाला हात लावला, तो त्याने हळूच सोडवला, आणि वडप्याला जाणाऱ्या हायवेच्या दिशेने चालू लागला.